पाण्याखालची सवत

माझी सवत धरणात बुडालेली आहे. हसू नका. आमचे हे, मोरेश्वर, इथे अमेरिकेत रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहेत, पण जीव सगळा अडकलाय त्या बुडालेल्या गावात. वीज शहरांना गेली, गाव पाण्याखाली गेलं, माणसं चार जिल्ह्यांत पांगली. मे महिन्यात पाणी उतरलं की ग्रामदेवीच्या देवळाचा कळस वर येतो. मग चिखल तुडवत सगळे गाववाले जमतात, देवीची ओटी भरतात. यांची सुट्टी दर वर्षी तिकडेच खर्च. माझ्या पन्नाशीलासुद्धा हे तिथेच! मी एकदाही गेले नाही. जाऊ कशाला? तिचं तोंड बघायला?

यंदाही तिकीट काढलेलं होतं. तेवढ्यात चुलतदिरांनी व्हिडिओ पाठवला. गेली काही वर्षं कळस कमी कमीच दिसायचा, यंदा दिसलाच नाही. धरणात इतका गाळ साठलाय की देऊळ पार गाडलं गेलं. यांनी व्हिडिओ परत परत पाहिला.

त्यांचं मन रमावं म्हणून शनिवारी मीच म्हटलं, जरा ड्राइव्ह करून येऊ. इथल्या एका नदीवरचं जुनं धरण पाडलंय, असं ऐकलं होतं. कुठून ती बुद्धी झाली! नदीकाठी तिथल्या आदिवासी जमातीची एक बाई रोपं लावत होती. यांनी तिला विचारलं, "धरणातल्या गाळाचं काय झालं?"

"बराचसा नदीनंच समुद्रात नेला," ती म्हणाली. "ही आमच्या आजीची जागा. परत मिळाली."

यांचा चेहरा बघून मी चपापले. अहो, जळत होते ते त्या बाईवर! जळणं कसं दिसतं ते मला कोणी शिकवायला नको. तिला बाय न म्हणता हे तरातरा गाडीत जाऊन बसले.

"नशीब लागतं," म्हणाले. "आमचं धरण कोण पाडतोय? गाळानं भरून एक दिवस वीजही बंद पडेल. गाव गेलं ते गेलंच." मग थोड्या वेळानं, "तिकीट कॅन्सल कर."

एवढं ऐकायला मी लग्न झाल्यापासून टपून बसले होते. आनंद व्हायला हवा होता, मेला झालाच नाही. उलट भडकलेच मी. "काही कॅन्सल-बिन्सल नाही! या खेपेला मीपण येणार. दाखवा मला तुमचं गाव."

त्यांनी गाडी सुरू केली नाही. समोर बघत म्हणाले, "प्रतिमा, आता काय दाखवू तुला? गाळ?"