अन्वरीच्या दुकानातलं शिवणकाम

सत्यभामाबाई संसारात खोटं फार कमी बोलल्या असतील. पण जे बोलल्या, ते निस्तरता निस्तरता त्यांच्या नाकी नऊ आले. "शिवणक्लासला जाते," एवढंच त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं.

माहेर येडशीचं, सासर धाराशिवचं. हिंमतरावांच्या घरात आल्यापासून पदर घट्ट खोचून त्यांनी बाळंतपणं, सासूचं आजारपण आणि गड्यांच्या भाकरी सगळं निभावलं. त्यात कंबर धरली आणि पोट सुटलं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण गल्लीतून बूट घालून चालणाऱ्या बायकांना हिंमतराव ओट्यावर बसून हसायचे. आपल्याच नवऱ्याचं हसू अंगावर घ्यायची बाईंची छाती झाली नाही.

मग त्यांना मागच्या गल्लीतली अन्वरी सापडली. तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. नवरा जैनोद्दीन मस्कतला ड्रायव्हर असताना ती बरीच वर्षं तिकडं राहिलेली. तिथं एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, शेजारणीनं तिला त्यांच्याकडचा नाच शिकवला. लग्नघरी पुरुष बाहेर बसले की दार लावून आजीपासून नातीपर्यंत सगळ्या तो नाचायच्या. आईनं पोरीला शिकवायचा, पोरीनं तिच्या पोरीला. अन्वरीची बाळंतपणानंतरची कंबरदुखी त्यानंच गेली. आता दुकानामागच्या खोलीत, पडदा ओढून, ती गल्लीतल्या चार बायकांना तोच शिकवायची. बँकेतली अर्पिता त्याला 'बेली डान्स' म्हणायची. सत्यभामाबाई 'व्यायाम' म्हणायच्या, तेही मनातल्या मनात.

पहिल्या दिवशी अन्वरी म्हणाली, "भाभी, कमरेनं आठ काढा." बाईंनी शाळेत गिरवलेला मराठी आठ काढला. कंबर तिरकी खाली नेली, एक वळण दिलं आणि थांबल्या.

"तो नव्हं भाभी, इंग्रजीतला! जिथनं निघालाव तिथंच परत या."

सगळ्या पोट धरून हसल्या. बाईसुद्धा हसल्या.

"आन् पोट आत ओढू नका. ढिलं सोडा. इथं कुणापासून लपवायलाव?"

असं त्यांना आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. हळूहळू सूप पाखडताना हलते तशी कंबर आपोआप हलू लागली. वाकून केर काढता येऊ लागला. पण खरी गोष्ट निराळीच होती. घुंगरांची ओढणी कमरेला बांधली की त्यांना मजा यायची, आणि मजा येते याचीच लाज वाटायची. घरी जाताना त्या उगाच कापडाचा एखादा तुकडा हातात धरत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी अन्वरीला आग्रहानं बोलावलं. खोली बायकांनी भरलेली. अणदूरहून मोठ्या नणंद बानूबाई आलेल्या; तोंडानं फटकळ, आणि गावाची बातमी त्यांना गावाआधी कळायची. तिळगूळ चघळत त्यांनी अन्वरीकडं पाहिलं, मग भावजयीकडं.

"सत्यभामा, ही बाई म्हणं पोट हलवून नाचायला शिकवती. तू हिच्याकडंच जातीस न्हव का गं?"

ओट्यावरून हिंमतरावांचं खाकरणं ऐकू आलं. खरं बोललं तर उद्यापासून दुकानाची पायरी बंद, शिवाय बानूबाई अणदूरभर डंका पिटणार.

"छे हो वन्सं, तुमचं कायतरीच! तसलं घाणेरडं काय असतं तर म्या हिच्या दारात पाय ठेवला असता व्हय? ही काय करती, हिचं हिला ठाऊक. म्या आपली शिवण शिकती."

'घाणेरडं' म्हणायची काही गरज नव्हती. शब्द तोंडातून गेला आणि त्यांना तो परत गिळावासा वाटला.

अन्वरीनं चहाची बशी खाली ठेवली. "भाभी खरं बोलतात," ती बानूबाईंना म्हणाली. "त्या शिवणालाच येतात." मग वाण घेतलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेली.

त्यानंतर बरेच दिवस सत्यभामाबाईंचं पाऊल तिकडं वळेना. शेवटी एका दुपारी मनाचा हिय्या करून त्या दुकानात गेल्या. अन्वरीनं मशीनपुढचं स्टूल पुढं सरकवलं.

"बसा भाभी. आज हूक-काज शिकवते."

"अन्वरी, मला शिवण नको गं. त्या दिवशी माझ्या तोंडून..."

"असू द्या. उद्या बानूबाईंनी ब्लाउज शिवायला दिला तर? तुमचं बोलणं खोटं पडाय नगं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिनं खडसावलं असतं तर बाईंना सोसलं असतं. ही माया सोसेना. काज कसं घालायचं ते दोनदा दाखवून अन्वरी पडद्याआड गेली. आत ढोलक सुरू झालं, अर्पिता काहीतरी बोलली आणि बायका हसल्या.

तेवढ्यात एक अनोळखी गिऱ्हाईक बाई दुकानात आली. पडद्याकडं बघत तिनं विचारलं, "आत काय चाललंय हो?"

खरं सांगायची संधी चालून आली होती. ना नणंद समोर होती, ना नवरा. सत्यभामाबाईंनी तोंड उघडलं.

"मला काय ठाव," त्या म्हणाल्या.

पडद्यामागचं हसणं थांबलं. लाजेनं त्यांची कानशिलं तापली. मान खाली घालून त्या हातातलं काज घालत राहिल्या.