मुकुंदकाकांची साखर

मुकुंदकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. दुर्गाघाटावरच्या त्या घरात भाडेकरू म्हणून येऊन मला तीनच दिवस झाले होते. केंद्र सरकारच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला माझी बनारसला बदली झाली होती. दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर पन्नाशीचा एक माणूस धोतर नेसून उकिडवा बसलेला, त्याच्या मुठीतून निळी ज्योत फुसफुसत बाहेर येतेय आणि सगळीकडे करपल्याचा वास. धोतर पेटलं असं समजून मी नळाखालची बादली उचलली आणि दिली ओतून.

ते ओरडले नाहीत. ओला चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, “बाई, आग नव्हती. आग असती तर मीच ओरडलो असतो, इतका शऊर आहे मला.” मग समोरच्या मातीच्या वाट्यांत साचलेल्या पाण्याकडे पाहून हळहळले. “सहाच्या सहा खराब झाल्या. आता बसा. सातवी होईपर्यंत जायचं नाही.”

मी बसले. तिथून पुढे चार वर्षं मी त्या गच्चीवर बसतच राहिले आणि बहुतेक वेळा चिडूनच खाली उतरले.

मुकुंदकाका छावणी भागातल्या एका मोठ्या हॉटेलात गोड पदार्थ करायचे. हॉटेलात पंधरा दिवसांसाठी एक परदेशी आचारी शिकवायला आला होता. जाताना तो आपला टॉर्च यांना देऊन गेला. टॉर्च म्हणजे हातात मावेल एवढं गॅसचं यंत्र. सिगारेटच्या लायटरचा गॅस त्यात भरायचा, खटका दाबायचा आणि थंड कस्टर्डवर भुरभुरलेली साखर वरूनच वितळवायची. साखरेची काच होते. चमच्याने ती फोडायची आणि खालचं मऊ, वरचं कडक एका घासात खायचं. ब्याण्णव साली असला टॉर्च अख्ख्या बनारसात दुसऱ्या कोणाकडे नसावा. काका तो लंगोटाच्या कापडात गुंडाळून ठेवत.

त्यांचा हात बघण्यासारखा होता. वाटी डाव्या हाताने फिरवायची, ज्योत वीतभर लांब ठेवायची आणि एका जागी थांबू द्यायची नाही. साखर आधी घामेजे, मग पिवळी होई, मग तांबूस. “जळू द्यायची नाही, मास्तरीणबाई. लाजू द्यायची. लाजली की लगेच नजर काढून घ्यायची,” असं म्हणत ते टॉर्च बाजूला करत. एकदा मी कॅरमलायझेशन कोणत्या तापमानाला होतं ते सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे साखरेला माहीत आहे का?” त्या दिवशीही मी चिडूनच उतरले.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, हे मला महिन्याभराने कळलं. खालच्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ राहत, मुकुंदकाकांचे दादा. घाटावर सगळे त्यांना गुरुजी म्हणत. दशग्रंथी वैदिक माणूस, विधुर, मूलबाळ नाही. धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलेलं. पण मुकुंदाने हॉटेलात नोकरी धरली, अंड्यांत हात घातला, त्या दिवसापासून दादांनी त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. भांडण नव्हतं. रोज दुपारी स्वतः रांधलेलं ताट दादा झाकून जिन्यात ठेवत आणि खालून हाक मारत, “मुकुंदा, जेवून घे.” एकोणीस वर्षं भाऊ भावाला जेवू घालत होता आणि त्याच्याकडून एक घास घेत नव्हता.

“एकदा,” काका म्हणायचे, “फक्त एकदा दादाने माझ्या हातचं खायला पाहिजे. मग नाही खाल्लं तरी चालेल.”

अंडं त्या घराच्या उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं. म्हणून आधी त्यांनी खरवस धरला. कस्टर्डसारखाच थरथरणारा, अंड्याशिवाय जमणारा. ब्रह्माघाटाकडच्या गवळ्याची गाय व्याली, तेव्हा काका पहाटे जाऊन चीक घेऊन आले, वेलदोडा घालून वाफवला, वर साखरेची अशी तांबूस काच केली की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. वाटी दोन्ही हातांत धरून ते खाली गेले आणि दोन मिनिटांत तशीच घेऊन वर आले.

“काय झालं?”

“दादा म्हणाला, गाय व्यायल्यावर दहा दिवस तिचं दूध घेत नाहीत.” ते पायरीवर बसले. “बिल्कुल बरोबर आहे. मला लहानपणापासून ठाऊक आहे. खुशीच्या भरात विसरून गेलो.”

वैदिकाच्या घरात जन्मलेला माणूस हे विसरतो, याला काय म्हणावं? सगळा महाराष्ट्र खरवस खातो, असं मी तावातावाने म्हटलं. ते म्हणाले, “सगळा महाराष्ट्र माझा दादा नाही.”

मग वर्षभर चक्का आणि आटवलेलं दूध यांचा मेळ बसवण्यात गेलं. बांधलेल्या दह्याचा चक्का, त्यात आटीव दूध, खडीसाखरेची पूड, मातीच्या वाटीत वाफवायचं, रात्रभर गार करायचं. कधी पाणी सुटे, कधी दही फाटे. जराशी चूक झाली की काका सबंध घाणा गाईला घालून येत. “चालेल” हा शब्द त्यांना चालत नसे. साखरेला एका कडेला डाग पडला म्हणून त्यांनी माझ्या हातातून, खाताखाता, वाटी काढून घेतलेली आहे. मी त्या दिवशी शाळेतून उपाशी आले होते.

शेवटी चार श्रावण पाहिल्यावर दादा मऊ झाले. त्यांनी टॉर्च मागवून उलटसुलट पाहिला. “याला तोंडाने फुंकावं लागत नाही ना?”

“नाही दादा. खटका दाबायचा.”

“हॉटेलात वापरलेला आहे.”

“शुद्ध करून घेतो.”

“घे. गणपतीत नैवेद्याला कर. देवाने घेतलं की मी घेईन.”

काका आनंदाने वेडे झाले आणि त्यांनी काय करावं? टॉर्च राख-चिंचेने घासला आणि घाटावर जाऊन गंगेत तीनदा बुडवला. पेटेचना. तोंडात राख, पोटात पाणी. मी सुईने त्याचं तोंड कोरत दोन दिवस गच्चीवर बसले आणि जे मनात आलं ते बोलले. ते बाजूला बसून वारा घालत म्हणत होते, “बोला, मास्तरीणबाई. पण हात चालू ठेवा.”

पेटला एकदाचा. पण माझी खरी तक्रार वेगळीच होती. भाद्रपदात बनारसची हवा पिळली तर पाणी निघेल. साखरेची काच अशा हवेत दहा मिनिटांच्या वर टिकत नाही, ओल धरते आणि तिचा पाक होतो. आणि नैवेद्य म्हणजे आधी देवाला, मग आरत्या, मग मंत्रपुष्प. तेही दादांचं. मी हात जोडून सांगितलं, “काका, मार्गशीर्षापर्यंत थांबा. कोरडी हवा येऊ द्या.”

“आणि तोपर्यंत दादाने विचार बदलला तर?”

“मग नैवेद्य झाल्यावर साखर घालून पुन्हा टॉर्च फिरवा.”

त्यांनी हातातला टॉर्च खाली ठेवला. “देवाला एक दाखवायचं आणि दादाला दुसरं वाढायचं?”

गणपती बसले त्या दुपारी काकांनी सोवळं नेसून देवघराच्या दाराशी बसून दोन वाट्यांवर साखर लाजवली. इतकी सुरेख मी पुन्हा कधी पाहिली नाही. दादांनी पाण्याचं मंडल केलं, नैवेद्य दाखवला आणि आरत्या सुरू झाल्या. एक, दोन, पाच. मी घड्याळाकडे बघत होते. काका वाट्यांकडे बघत होते. सहाव्या मिनिटाला काचेवर दव आलं. नवव्या मिनिटाला कडा सुटल्या. दादा मंत्रपुष्प म्हणायला लागले, घाटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक स्वर जागच्या जागी. त्यांनी एक अक्षर गाळलं नाही, एक अक्षर घाईने म्हटलं नाही. देवासमोर उभी राहून मी इतकी कधी वैतागले नव्हते. ओरडावंसं वाटत होतं की गुरुजी, आटपा हो, तुमच्या भावाची चार वर्षं वितळतायत!

पानावर बसेपर्यंत वाटीत तपकिरी पाणी होतं. दादांनी आपोशन घेतलं आणि सगळ्यात आधी ती वाटी पुढे ओढली. चमचा बुडवला. सावकाश खाल्लं. काका वाढपाचं भांडं हातात धरून समोर उभे होते.

“हे असंच असतं का रे?” दादांनी विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. आता सांगा, मनात म्हटलं. सांगा की हे असं नसतं.

“हो दादा,” काका म्हणाले. “असंच असतं.”

“छान आहे. अजून घाल.”

दुसरी वाटीही दादांनी संपवली. मी मात्र संध्याकाळी गच्चीवर काकांना सोडलं नाही. एवढ्याशा डागासाठी माझ्या हातातली वाटी ओढणारा माणूस तोंडावर खोटं बोलतो? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “दादाने अजून मागितलं,” एवढंच म्हणाले. “अजून!” आणि चष्मा काढून धोतराला पुसायला लागले. त्यांचे डोळे भरले होते आणि मला त्यांचा राग येत होता, दोन्ही खरं.

त्यानंतर एकादशी सोडून रोज दादांना ती वाटी लागायला लागली. हिवाळा आला तेव्हा मला वाटलं, आता दादांना खरी चव कळेल. पण काका साखर आदल्या रात्रीच लाजवून ठेवत आणि पाक झाल्यावरच खाली नेत. मी कितीदा डोकं फोडून घेतलं. “त्यांना कळू तरी द्या, तुम्ही काय करू शकता ते!” ते हसत आणि टॉर्च कापडात गुंडाळत.

त्याच हिवाळ्यात, माघात, दादा झोपेत गेले. सगळे विधी काकांनीच केले. तेराव्याच्या गोडजेवणाला दादांच्या नावाचं वेगळं पान मांडलं होतं. बाहेर पांढरी, कोरडी थंडी होती. हवेत ओलीचं नाव नव्हतं. काकांनी दाराशी बसून वाटीवर ज्योत फिरवली. मुंडन केलेलं डोकं, सैल झालेले हात, पण हात चुकला नाही. तांबूस काच झाली आणि तशीच राहिली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, तडा नाही की दव नाही. चार वर्षं ज्या दिवसासाठी मी भांडले तो दिवस समोर होता.

काका उठले, पंचा पाण्यात भिजवून पिळला आणि वाटीवर पसरायला लागले.

“काका, नका!” मी त्यांचा हात धरला. पंगतीतले भटजी भुकेले होऊन आमच्याकडे बघत होते. “आज टिकलीय ती. आज तरी दादांना खरी वाढा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी साधी गोष्ट या मास्तरीणबाईला कळत कशी नाही, असं काहीसं त्या नजरेत होतं.

“मग दादा ओळखेल कशी?” ते म्हणाले.

मी हात सोडला आणि पंच्याचं दुसरं टोक धरलं.