जिन्याचा कठडा आणि हिरवा ठिपका

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, शाळेत शिपाई होते. सव्वीस वर्षं. तीन मजले, बेचाळीस दारं, कुठल्या दाराची कडी कुठं अडते ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील असा माणूस. वाऱ्यानं दार आपटून कुणाची बोटं चेंगरू नयेत म्हणून खिशात लाकडाच्या खुट्ट्या घेऊन हिंडायचे, म्हणून पोरं त्यांना खुट्टीकाका म्हणायची. ताई म्हणायची, "एवढा जीव घरावर टाकला असता तर आपल्या न्हाणीघराचं दार तरी लागलं असतं."

मग शाळेत फोनवरून तक्रार करायची पद्धत आली. काही मोडलं, गळलं, हललं की फोटो काढायचा, जागा निवडायची, पाठवून द्यायचं. मोठ्या ऑफिसात ते दिसणार आणि तिकडून माणूस येणार. पोरांच्या जिवाला धोका नको म्हणून केलेलं, चांगलंच होतं ते. कारकुनानं भाऊजींना उभ्या उभ्या दहा मिनिटांत शिकवलं. शेवटी म्हणाला, "आणि इथं खाली चालू नि बंद, बस." तेवढ्यात त्याला आतून हाक आली नि तो गेला.

आता चालू-बंद काय शिकवायचंय कुणाला? पंखा फिरतो तर चालू, फिरत नाही तर बंद. भाऊजींनी तसंच केलं. मोडलेल्या वस्तूचा फोटो, खाली बंद. धड वस्तू दिसली की चालू. फोन मात्र वस्तूचं विचारतच नव्हता, तो तक्रारीचं विचारत होता. तक्रार चालू म्हणजे काम बाकी, तक्रार बंद म्हणजे काम झालं. हे आम्हाला कळलं ते सगळं संपल्यावर.

एकदा नळवाला आला, पहिल्या मजल्यावरचा नळ सोडून बघतो तर धो धो पाणी.

"काका, चांगल्या नळाची तक्रार करता होय? काय, माझी आठवण येत होती का?"

"मी कुठं तक्रार केली? मी तर चालू लिहिलं."

"मग चालूच आहे की!" दोघं हसले. नळवाल्यानं सही घेतली नि गेला. तेव्हा कुणी एकानं जरी डोकं खाजवलं असतं तरी.

दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याचा कठडा खालून गंजून सुटला होता. हात ठेवला की पडायला आलेल्या दातासारखा हलायचा. भाऊजींनी चार बाजूंनी फोटो काढले, पाठवले, खाली बंद दाबलं. लगेच हिरवा ठिपका आला. घरी येऊन ताईला दाखवला.

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे मंजूर. सिग्नल हिरवा झाला की गाडी निघते ना? तसा वेल्डर निघाला."

आठवडा झाला. ताई म्हणाली, "पायी निघाला वाटतं तुमचा वेल्डर."

भाऊजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. "बाई, तो कठडा."

बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "हिरवं दिसतंय की."

"हो, हिरवं मला पण दिसतंय."

"मग झालं तर!"

"झालं का? बरं." त्यांना वाटलं मंजुरीचं झालं, बाईंना वाटलं काम झालं. बाई काही वाईट नव्हत्या, पण वरच्या मजल्यावर चढून बघितलं नाही त्यांनी.

मग भाऊजी रोज मधल्या सुट्टीत कठड्याकडे पाठ करून उभे राहायला लागले. जिना एकच, पोरं त्याच वाटेनं खाली धावणार. "भिंतीकडनं, भिंतीकडनं" म्हणून घसा बसला त्यांचा. ताई म्हणाली, "दोरी बांधा ना तिथं, तुम्ही कशाला?" तर म्हणाले, "दोरीला तोंड नसतं."

अकराव्या दिवशी वरून लोंढा आला. पुढची एक मुलगी अडखळली, तिला त्यांनी भिंतीकडे ढकललं, आणि त्या ढकलण्याचा भार मागं कठड्यावर गेला. कठडा गेला, त्याच्याबरोबर भाऊजी. मुलीला खरचटलंसुद्धा नाही.

चार दिवस दवाखान्यात होते. बोलता यायचं तेव्हा एकच विचारायचे, "आला का तो?" ताई म्हणायची, "आलाय, काम चालू आहे." खोटं बोलली ती. पाचव्या दिवशी सकाळी गेले.

चौकशीचा कागद आला. तक्रार संबंधित शिपायानं स्वतः बंद केली, एवढंच त्यात. ताईनं कारकुनाला गाठून चालू-बंदचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, मीच सांगायला हवं होतं. पण झालेली नोंद आता बदलत नाही."

"नोंद राहू द्या. कठडा लावा."

"नवीन तक्रार टाकली, तर हे काम आधीच झालंय म्हणून परत येते. जुनी फक्त ज्यानं टाकली त्यालाच उघडता येते."

ताई जिन्यावर गेली. मोकळ्या जागेला एक बाक आडवा लावलेला, खालून पोर सरपटत जाईल एवढी फट. घंटा झाली, पोरं सुटली, ताई तिथं उभी राहिली. "भिंतीकडनं जा रे." दोन दिवस गेली ती. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई स्वतः आल्या, हात जोडले, डोळे भरलेले. म्हणाल्या, "बाहेरच्या माणसाला शाळेत थांबता येत नाही हो."

ताई रस्त्यावर आली. फाटकाला कुलूप लागलं, आत मधली सुट्टी झाली, आणि एवढ्या पोरांचे पाय जिन्यावर वाजायला लागले. ती तिथंच फाटकाचे गज धरून उभी, आवाज थांबेपर्यंत. आता रोज त्या वेळेला जाते. मी म्हणते नको जाऊस. ऐकत नाही.