जयंतचे बाराशे मीटर

मराठी मंडळाच्या सभागृहात वसंत कागद घेऊन उभा राहिला. तेहतीस वर्षं तो रेल्वेत की-मन होता. रोज रुळावरून पायी जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या की हातोड्यानं ठोकायच्या. बोलण्याचं काम कधी पडलं नव्हतं.

पहिल्या रांगेत गौरीवहिनी बसल्या होत्या. त्यांचे यजमान जयंत, वसंतचे कामावरचे जोडीदार, गेल्या वर्षी वारले. शोकसभेत वसंतनं त्यांची नोकरीतली एक जुनी धाव सांगितली होती, "रूळ तुटला. जयंत धावला. गाडी थांबली." लोकांनी माना डोलावल्या आणि पोह्यांकडे वळले. वहिनी तशाच बसून राहिल्या. ते वसंतला वर्षभर डाचत होतं. आज मंडळात वाचनासाठी दहा मिनिटं मिळाली होती. आजही लोक उठले, तर जयंतची धाव पुन्हा कुणी ऐकणार नव्हतं.

पहिला मसुदा त्यानं अक्काला, थोरल्या बहिणीला, वाचून दाखवला होता.

"गाडी थांबली हे पहिल्याच ओळीत? मग पुढे कशाला ऐकू रे मी?"

"रिपोर्टात आधी तेच लिहितात."

"अरे भैया, मी काय तुझी साहेब आहे? रूळ तुटलाय हे आम्हाला सांग. गाडीतल्यांना पत्ता नाही, तेही सांग. मग गप बस आणि जयंतला धावू दे."

त्यानं सात वेळा लिहिलं. भीती, थरकाप, काळीज, असले शब्द काढून टाकले. अंतरं ठेवली.

आता तो वाचू लागला. "जोडापाशी रूळ तुटला होता. तीन बोटं जातील एवढी फट. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली होती. गाडीच्या दिशेनं बाराशे मीटर पुढे जाऊन रुळावर इशाऱ्याचे पटाखे लावायचे होते. चाकाखाली ते फुटले, तरच ड्रायव्हरला कळणार.

"रुळाखालच्या स्लीपरवरून धावता येत नाही. एकेक घेतला तर पाऊल आखूड, एक सोडला तर उडी. जयंत गिट्टीत उतरला. गिट्टी पायाखालून सरकते. चारशे मीटर. सहाशे."

सचिव सुहासनं घड्याळ पाहिलं. त्याचा हात वेळ संपल्याच्या घंटीकडे गेला. गाडी थांबली, एवढं म्हणून खाली बसावं, असं वसंतच्या अगदी ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं.

"आठशे मीटर. रूळ वाजू लागला."

दारात चहावाला ट्रे घेऊन उभा होता. एकही मान तिकडे वळली नाही.

"हजार मीटर. वळणावर इंजिन दिसलं. पटाखे अजून पिशवीतच होते."

पान संपलं. दुसरं पान घामानं चिकटलेलं. बोटं चालेनात. खुर्चीचा हात घट्ट धरून गौरीवहिनी पुढे झुकल्या.

"भाऊजी, मग?"

शेवट त्यांना वसंतइतकाच ठाऊक होता.

सुहासनं घंटी बाजूला सरकवली. "वाचा वसंतराव, टाइमचं राहू द्या."

पान सुटलं. वसंतनं घाई केली नाही. अजून दोनशे मीटर बाकी होते.