टेपातले किसनभाऊ

रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबण्याआधी किसनभाऊ तंबाखूची भलीमोठी चिमूट दाढेखाली सारत. तलफ म्हणून नव्हे, तोंड बंद राहावं म्हणून. "टेप करणाराचा आवाज टेपात येता कामा न्हाई. दुसऱ्याच्या कार्यात आपलं थोबाड कशाला?" असं त्यांचं म्हणणं. जुन्नरच्या बाजारपेठेत एका बोळात त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. मंगलाष्टकं, भजनी मंडळं, कीर्तनं, पुढाऱ्यांची भाषणं, सगळा तालुका त्यांनी टेपात भरला; पण त्यातल्या एकाही कॅसेटमध्ये ते स्वतः नव्हते. सगळं काम हातवाऱ्यांवर. बोट वर केलं की सुरू, तळहात खाली दाबला की हळू.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही कॉलेजातल्या चौघांनी रॉक बँड काढला होता. हसू नका. मी कळंबहून एस.टी.नं गिटार घेऊन यायचो, तर कंडक्टर विचारायचा, "काय पावणं, एवढं मोठं तुणतुणं कुठं चालवलं?" ड्रम लग्नाच्या बँडवाल्याकडून उसने आणलेले. गाणी मात्र स्वतःची, मोजून तीन. ती टेप करून पुण्यातल्या एका कॅसेट कंपनीला पाठवायची आणि रातोरात गाजायचं, असा बेत होता.

दुसऱ्या कुणीही आम्हाला हाकलून दिलं असतं. किसनभाऊंनी दुकानामागच्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगल्या. ड्रमचा पहिला दणका बसला तसे ते उठून बाहेर गेले. आम्हाला वाटलं, पळाले. ते शेजारच्या शिंप्याला घटकाभर मशीन बंद ठेवायला सांगून आले होते. तीन दुपारी तो खटाटोप चालला. गिटार बेसूर, गाणाऱ्याचा घसा बसलेला, मधेच वीज जायची. आम्ही चुकलो की थांबायचो. मग भाऊ टेप बंद करत, बाहेर जाऊन थुंकून येत आणि म्हणत, "चुकलं तर चुकू द्या राव, पर थांबू नका. चुकी माणूस इसरतो. थांबल्यालं ध्यानात राहतं." कंटाळा म्हणून नव्हता त्या माणसाला.

तिसऱ्या दुपारी गाणी एकदाची झाली. कॅसेटच्या सुरुवातीला त्यांनी थोडी जागा कोरी सोडली होती. भाऊंनी खळखळून चूळ भरली, टेप मागे घेतली, लाल बटण दाबलं आणि माईक चक्क स्वतःच्या तोंडाशी धरला. आम्ही बघतच राहिलो. "ही जुन्नरच्या पोरांनी सवता रचल्याली गाणी हायेत. टेप करणारा किसन, वारूळवाडी. पोरं नवी हायेत. सांभाळून घ्या." बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी कॅसेटच्या कडेचे दोन चिमुकले प्लास्टिकचे तुकडे चिमट्यानं मोडले. ते मोडले की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. "आता ह्याला कोण पुसत न्हाई," असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

आणि आम्हाला त्याची लाज वाटली. रॉक बँडच्या कॅसेटवर म्हणे 'सांभाळून घ्या'! पुण्याचे लोक दात काढतील, असं चौघांचंही मत पडलं. मी घरी जाऊन मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली, ही युक्ती तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, आणि भाऊंचं बोलणं पुसून टाकलं. मग त्या कॅसेटची कॉपी काढून पुण्याला धाडली. उत्तर काही आलं नाही. वर्षभरात बँड मोडला आणि मी कळंबला खतं-औषधांचं दुकान टाकलं. भाऊ कुठं भेटले की अगत्यानं विचारायचे, "कंपनीचं काय झालं?" मी म्हणायचो, "बघू."

पुढं पाच-सहा वर्षांनी त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकलं. त्यानंतर ते तीन वर्षं जगले, पाटीवर लिहून बोलत. ते गेले त्याच्या जरा आधी वहिनी माझ्या दुकानात आल्या.

"तुमच्या टेपात ह्ये बोलले व्हते ना? दुसरीकडं कुठंच न्हाई बघा त्यांचा आवाज. नात अडीच वर्साची झाली, तिनं आजा बोलल्याला ऐकलाच न्हाई. तिला ऐकवायचं म्हणून पाटीवर लिहून लिहून माझा जीव खाल्लाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण "आणतो," म्हणालो. ट्रंकेतून कॅसेट शोधून काढली, पण लावून बघायचा धीर झाला नाही. एखादा शब्द तरी राहिला असेल, अशी वेडी आशा होती.

वारूळवाडीला गेलो तर भाऊंनी टेपरेकॉर्डर झटकून ओसरीवर मांडून ठेवला होता. अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर नात. मी कॅसेट घातली. नुसती खरखर.

"आवाज वाढवा की," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी वाढवला. खरखर मोठी झाली आणि मग एकदम आमचे ड्रम आदळले. पोर दचकली.

"आबा कुठं हायेत ह्याच्यात?" तिनं विचारलं.

भाऊंनी टेप बंद करून कॅसेट बाहेर काढली. कडेच्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला.

"भाऊ, मीच पुसलं," मी म्हणालो. दोन पोरांचा बाप मी, पण त्या ओसरीवर ढसाढसा रडलो. वहिनी पोरीला घेऊन आत गेल्या. भाऊंनी माझा गुडघा थोपटला, पाटी ओढली आणि लिहिलं, 'अजून वाजवता का?'

"नाही भाऊ. कधीच सोडलं."

त्यांनी तळहातानं पाटी पुसली. मग त्यांनी लिहिलं, 'मग पुसलं कशाला?'