पिशवीसकट

"मग काल व्हय काहून म्हणलीस?" उत्तमरावांनी बायकोला दुसऱ्यांदा विचारलं आणि मंजुळाबाईंनी परातीत आणखी पीठ ओढलं. शाळेच्या पटांगणात मांडव पडला होता, सरपंचाचा माणूस दोनदा येऊन गेला होता, आणि ही बाई पीठ मळत बसली होती. झाडं लावल्याबद्दलच्या सत्काराला जायचं नाही, एवढंच तिचं सकाळपासून चाललं होतं.

"मला कुणी साधा नारळ देत न्हाई," उत्तमराव सुनेला, कोमलला, ऐकवत होते, "आन हिला शाल भेटून राहिली तर हिचं पोट दुखतंय."

शिरड शहापूरकडच्या रोपवाटिकेत मंजुळाबाईंची वीस वर्षं गेली. माळावर झाडं लावायची असली की बायांच्या मुकादम त्याच. त्यांची एक शिस्त होती. रोपाची काळी पिशवी पात्यानं फाडायची, रोप खड्ड्यात ठेवायचं आणि रिकामी पिशवी कमरेला खोचायची. संध्याकाळी पिशवी दाखवल्याशिवाय त्या कुणाचं झाड मोजत नसत.

तीन वर्षांपूर्वी गावामागच्या माळावर लागवड झाली. दुसऱ्या दिवशी साहेब पाहायला येणार होते, दिवस बुडत आला होता आणि चारशे रोपं उरली होती. "आज राहू द्या," त्या म्हणाल्या, "पिशवीसकट लावा." बायांनी एकमेकींकडं पाहिलं. पण मंजुळाबाईच सांगते म्हटल्यावर कोण बोलणार?

पुढच्या उन्हाळ्यात नेमक्या त्याच चारशे रोपांच्या ओळी वाळायला लागल्या. गावानं नाव घेतलं रुख्मिणीबाईच्या शेळ्यांचं. बैठकीत जाणकार म्हणून मंजुळाबाईंनाच विचारलं. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "शेंडे खाल्लेले दिसतात." ते खोटं नव्हतं. रुख्मिणीबाईला माळ बंद झाला. चारा विकत घेणं त्या एकट्या बाईला झेपेना. दिवाळीच्या आत तिनं सातही शेळ्या बाजारात नेल्या. आता ती लोकांच्या रानात निंदायला जाते, आणि वाटेत भेटली की मंजुळाबाईंना गुडघे कसे आहेत ते विचारते.

काल सत्काराला होकार देऊन मंजुळाबाई माळावर गेल्या होत्या. त्या ओळींतलं एक कलंडलेलं करंजाचं झाड सरळ करायला धरलं तर ते अलगद हातात आलं. खाली काळी पिशवी जशीच्या तशी, आणि आत मुळ्या गोल गोल गुंडाळलेल्या. एकही बाहेर निघाली नव्हती. कुणी पाहतंय का बघून त्यांनी ते पुन्हा खड्ड्यात खोचलं आणि माती पायानं दाबली. त्या दाबण्याचीच त्यांना आता जास्त लाज वाटत होती.

हे सगळं त्यांनी परातीकडं बघतच सांगितलं. मग कोमल हळूच म्हणाली, "आत्याबाई, आता कोण उकरून पाहतंय?"

"म्या पाहिलं ना."

"गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई," उत्तमराव म्हणाले.

"रुख्मिणीबाईला तरी कुठं ऱ्हायली?"

मंजुळाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले.

"मी मांडवात येते. शाल घेणार न्हाई. झाडं शेळ्यांनी न्हाई, म्या मारली, असं तिथं सगळ्यांसमोर सांगणार. आन उद्यापासून जी जगलीत त्यांच्या पिशव्या फाडायला माळावर जाणार. सकाळच्या भाकरी कोमलनं करायच्या."