मे महिन्यातला हीटर

डायलिसिसनंतर आईला थंडी वाजायची. परळच्या हॉस्पिटलातून दादरच्या घरी नेताना बाहेर मे महिन्याचं ऊन आणि गाडीत आई शाल गुंडाळून बसलेली. एसी बंद, काचा वर, तरी हात गार.

एकदा हिंदमाताच्या सिग्नलला तिने समोरच्या बटणाकडे बोट दाखवलं.

"हा लाल भाग कशाला गं?"

"हीटरचा."

"मग लाव की."

गाडी आम्ही जुनी घेतलेली, आणि मुंबईत हीटर कोण लावतं? मी बटण लालवर नेलं, पंखा वाढवला. वारा जोरात आला, पण साधाच, बाहेरच्यासारखा.

आईने शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. घर येईपर्यंत ती थंडी विसरली होती. "ऊब येते कुठून? आत वेगळी शेगडी असते का?"

मला माहीत नव्हतं. संध्याकाळी वाचून तिला सांगितलं: इंजिन थंड ठेवणारं पाणी स्वतः तापतं, ते डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं, आणि पंखा त्या जाळीवरची हवा आत सोडतो.

"म्हणजे ऊब तयारच आहे," ती म्हणाली. "अडतेय कुठे, ते बघू."

रविवारी सकाळी ती बिल्डिंगखाली खुर्ची टाकून बसली. इंजिन गार असतानाच मी पाणी बघून घेतलं, खुणेपर्यंत होतं. मग गाडी सुरू केली. थोड्या वेळाने तापमानाचा काटा मध्यावर आला, म्हणजे इंजिन नीट तापत होतं. बॉनेटखालून दोन रबरी पाइप आतल्या बाजूला जात होते. मी बोटाने चाचपले.

"आई, हा गरम आहे. पण पुढे जाऊन एकदम गार होतो."

"मध्ये काय आहे?"

"प्लास्टिकचा छोटा कॉक."

"मग तो बंद असणार. थांब, मी बटण फिरवते, तू बघ काय हलतं ते."

ती दाराला धरून सावकाश आत बसली. बटण फिरलं. कॉकजवळ एक बारीक तार पुढे सरकली, मागे आली. कॉकची दांडी मात्र जागची हलली नाही. तारेचं टोक दांडीतून निसटलं होतं. कधी, कोण जाणे.

इंजिन बंद करून, निवल्यावर मी ते टोक पुन्हा दांडीत अडकवलं. परत गाडी सुरू केली. आई दोन्ही तळवे डॅशबोर्डवरच्या वाऱ्याच्या झरोक्यासमोर धरून बसली होती.

"आली का?" मी विचारलं.

"हळूहळू येतेय. बोलू नकोस."

पुढच्या डायलिसिसनंतर परळहून निघताना मी हीटर लावला. मी घामाने निथळत होते. आईने शाल काढून मांडीवर ठेवली आणि दादर यायच्या आधीच तिला झोप लागली. घराखाली आल्यावर तिला उठवावंसं वाटेना. माझ्या बाजूची काच खाली करून मी तशीच बसून राहिले. शिवाजी पार्कातून चालून आलेले शेजारचे काका काचेशी वाकले.

"काय गं, गाडी बिघडली का?"

"नाही, काका. हीटर चालू आहे."

त्यांनी रुमालाने मान पुसली, आत झोपलेल्या आईकडे पाहिलं आणि हलक्या पावलांनी वर गेले.